मणक्यातील पाण्याची तपासणी आणि एमएस: अहवालातून नेमके काय कळते?

वैनगंगाकाठ

नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यात शिक्षक आहे. माझी धाकटी बहीण, वय २८, याच तालुक्यात दिलेली आहे. यंदा रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून पऱ्हे लावताना मान खाली गेली की पाठीतून पायापर्यंत करंट उतरतो, असे ती सांगू लागली. आम्ही ते थकव्यावर घालवले. पुढे आठ दिवसांत कमरेखालचा भाग बधिर झाला, पायात चप्पल आहे की निसटली हे तिला पाहिल्याशिवाय कळेना आणि बरगड्यांखाली कोणी दोर आवळून बांधल्यासारखे वाटू लागले. गावच्या डॉक्टरांनी तीन दिवस स्टिरॉइडची इंजेक्शने दिली, त्यानंतर थोडा उतार पडला.

नागपूरला नेल्यावर एमआरआय झाला. मेंदूत आणि मानेतील मज्जारज्जूत मिळून अनेक पांढरे ठिपके आहेत, पण कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या चित्रांत त्यांपैकी एकही उजळलेला नाही. डॉक्टरांचा संशय मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे एमएसचा, आहे; यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावरच हल्ला करते. त्याआधी त्यांनी क्षयरोग, ब-१२ जीवनसत्त्व, इतकेच नव्हे तर घरी लाखोळीची डाळ किती खाता, हेही दोनदा विचारले. आमच्याकडे धानाच्या बांधीत लाखोळी असतेच, त्यामुळे बहिणीच्या सासूबाईंना तो प्रश्न आरोपासारखा लागला.

आता डॉक्टर पाठीतील पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सुईने काढून तपासायचे म्हणतात आणि गाडी तिथेच अडली आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, “पाठीतला पानी काहाडला का मानूस खाटेवरच रायते.” जावई मधल्यामध्ये आहेत. एमआरआयमध्ये ठिपके दिसत असताना पाणी तपासून आणखी काय निष्पन्न होणार, आधीच घेतलेल्या स्टिरॉइडमुळे ती तपासणी वाया तर जाणार नाही, आणि पुढे बहिणीचे चालणे कसे राहील याचा काही अंदाज त्यातून येतो का, एवढे मला समजून घ्यायचे आहे. घरी मलाच समजावून सांगायचे आहे, म्हणून उत्तर सविस्तर दिले तरी चालेल.

झुडपीजंगल

गुरुजी, आमच्या गावातही हीच समजूत आहे. माझ्या काकाजींना मेंदूज्वरात पाठीतून पाणी काढले होते आणि नंतर त्यांचे पाय गेले. पाय आजाराने गेले, परंतु गावाने ते सुईच्या नावावर लिहून टाकले. तपासणीविषयी मला अधिक काही ठाऊक नाही, जाणकार सांगतीलच.

हातोडी

मी न्यूरॉलॉजीत काम करतो. रुग्ण न पाहता निदान सांगणार नाही, मात्र आपल्या प्रश्नांची उत्तरे देता येतील.

आधी सुईविषयी. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या बरीच खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या फटीत घातली जाते. तिथे पाण्यात मोकळे तरंगणारे मज्जातंतूंचे धागे असतात आणि ते सुईपुढून बाजूला सरकतात. प्रौढ माणसात हे पाणी एकूण सुमारे १५० मिलिलिटर असते आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार करते. तपासणीसाठी १० मिलिलिटर काढले तर ते अर्ध्या तासात भरून निघते. खरा त्रास म्हणजे डोकेदुखी. ती एक-दोन दिवसांत सुरू होते, उठून बसले की वाढते आणि आडवे झाले की थांबते. बोथट टोकाची सुई वापरली तर तिचे प्रमाण बरेच घटते, म्हणून त्या सुईविषयी आधी अवश्य विचारावे. काकाजींच्या बाबतीत झुडपीजंगल यांनी जे लिहिले आहे, ते मी दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या नातेवाइकाकडून ऐकतो.

आता ठिपके दिसत असताना पाणी कशाला, हा प्रश्न, जो सर्वांत महत्त्वाचा आहे. एमएसच्या निदानासाठी परंपरेने दोन गोष्टी पाहिल्या जातात. आजार मज्जासंस्थेत एकाहून अधिक ठिकाणी पोहोचला आहे, ही पहिली गोष्ट; आणि तो एकाहून अधिक वेळी घडला आहे, ही दुसरी. बहिणीच्या एमआरआयने ‘ठिकाणे’ दाखवली आहेत. ‘वेळ’ दाखवलेली नाही, कारण झटका, म्हणजे लक्षणांचा उद्रेक, एकच आला आहे. ताजा ठिपका कॉन्ट्रास्टने उजळतो आणि जुना उजळत नाही; दोन्ही प्रकार एकाच चित्रात दिसले असते तर वेळेचाही पुरावा मिळाला असता, पण इथे एकही उजळलेला नाही. पूर्वी अशा रुग्णाला दुसऱ्या झटक्याची किंवा पुढच्या एमआरआयमध्ये नवा ठिपका दिसण्याची वाट पाहावी लागे. न्यूरॉलॉजिस्ट इयन मॅकडोनाल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे निकष २०१७ मध्ये सुधारले गेले, तेव्हा एक सवलत मिळाली. ठिकाणांचा पुरावा असेल आणि मणक्यातील पाण्यात ऑलिगोक्लोनल पट्टे सापडले, तर ते पट्टे वेळेच्या पुराव्याची जागा घेऊ शकतात. म्हणजे दुसऱ्या झटक्याने काही हिरावून नेण्याआधी औषध सुरू करता येते. आपल्या डॉक्टरांनी पाणी मागितले आहे ते बहुधा यासाठी.

लाखोळीचा प्रश्न आरोप म्हणून नव्हता, हे सासूबाईंना जरूर सांगा. लाखोळीतील विषारी घटकाने पाय ताठरतात, पण संवेदना जवळजवळ शाबूत राहते. बहिणीला बधिरपणा आहे आणि मेंदूत ठिपके आहेत, त्यामुळे ती शंका मागे पडते. पूर्व विदर्भात काम करणारा डॉक्टर तो प्रश्न विचारणारच.

काचनळी

मी नागपुरात प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि हे पट्टे रोज डोळ्यांनी पाहतो, म्हणून ते काय असतात ते सांगतो.

एमएसमध्ये प्रतिकारशक्तीच्या काही पेशी मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणाआड ठाण मांडतात आणि तिथल्या तिथे प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करू लागतात. १९४० च्या दशकात संशोधक एल्विन कॅबट यांनी या रुग्णांच्या पाण्यात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचा प्रथिनगट, वाढलेले असते हे दाखवले आणि पुढे त्या ढोबळ वाढीतून वेगवेगळे पट्टे ओळखता येऊ लागले. निरोगी माणसात असंख्य प्रकारची प्रतिपिंडे थोडी थोडी असतात. मोजक्याच पेशीकुळांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे भरमसाट काढली तर त्यांची गर्दी वेगळी दिसते. ऑलिगोक्लोनल म्हणजे मोजक्या कुळांचे.

ती दिसते कशी, तर जेलच्या पातळ थरावर आम्लतेचा उतार तयार केलेला असतो. विजेचा प्रवाह सोडला की प्रत्येक प्रतिपिंड त्या उतारावरून सरकत जाते आणि स्वतःच्या ठरलेल्या बिंदूला येऊन थांबते. उतारावरच्या शेतात पाणी ज्या त्या बांधाला जाऊन अडावे, तसे. नंतर ते एका पटलावर उतरवून रंगवतात. निरोगी नमुन्यात नुसता धुरकट फराटा येतो, तर एमएसच्या नमुन्यात त्या फराट्यात बारीक गडद रेघा, म्हणजेच पट्टे, उमटतात, तिफणीने पेरलेल्या तासांसारख्या, पण अंतर मात्र असमान.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. ही तपासणी पाण्याची एकट्याची नसते. त्याच वेळी घेतलेले रक्त सोबत लागतेच. रक्तात प्रतिपिंडे पाण्याच्या काही शे पट असतात, म्हणून रक्तद्रव तितका पातळ करून दोन्ही नमुने शेजारी शेजारी चालवतात आणि मग तुलना करतात. रेघा फक्त पाण्यात असतील तर प्रतिपिंडे मज्जासंस्थेच्या आतच तयार होत आहेत. याला आम्ही दुसरा प्रकार म्हणतो; कुठेच रेघा नसणे हा पहिला. दोन्हीकडे काही समान आणि पाण्यात काही जास्त असतील तर तो तिसरा प्रकार, आणि तोही आतल्या निर्मितीचाच पुरावा. पाण्यात आणि रक्तात हुबेहूब सारख्या रेघा असतील तर तो चौथा. तिथे प्रतिपिंडे शरीरात अन्यत्र तयार होऊन पाण्यात झिरपलेली असतात आणि एमएसकडे बोट दाखवता येत नाही. रक्त नसेल तर मी दुसरा आणि चौथा यांत फरक करू शकत नाही. तालुक्याच्या ठिकाणाहून बर्फाच्या डब्यात पाण्याची एकच नळी येते, सोबत रक्त नसते, आणि फोन केला तर “रुग्ण घरी गेला” असे उत्तर मिळते. याचा मनस्ताप मला वारंवार झाला आहे.

स्टिरॉइडने या रेघा पुसल्या जात नाहीत. पाण्यातील पेशींची संख्या घटू शकते, पण पट्टे सहसा टिकून राहतात. त्यामुळे गावी तीन दिवस इंजेक्शने झाली म्हणून तपासणी वाया जाणार नाही. फक्त ती कोणती आणि कोणत्या तारखांना दिली, हे चिठ्ठीवर लिहून न्या.

इरई

काचनळी यांनी लिहिले तेच माझ्यावर बेतले होते. मी चंद्रपूरची, एमएसचे निदान होऊन सहा वर्षे झाली. पहिल्या वेळी एका रुग्णालयात माझे पाणी काढले गेले, रक्त घेतलेच नाही. तीन आठवड्यांनी अहवाल आला: “पट्टे आढळले.” त्या दोन शब्दांवर घरात रडारड झाली. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी कागद उलटून पाहिला आणि विचारले, “यात रक्ताची तुलना कुठे आहे?” पाठीत पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. सुईचे दुःख नव्हते, मधल्या दोन महिन्यांचे होते.

माझीही एक शंका आहे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला की माझी उजवी नजर धूसर होते आणि कूलरसमोर तासभर बसले की पूर्ववत होते. दर वेळी वाटते, नवा झटका आला. रक्तातील न्यूरोफिलामेंट नावाची तपासणी निघाली आहे आणि तिने झटका कळतो, असे ऐकले. ती करावी का?

हातोडी

ताई, उष्णतेने नजर किंवा चाल बिघडणे आणि थंडाव्याने सुधारणे याला जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांचे नाव आहे. १८९० साली त्यांनी ते नोंदवले. जुन्या जखमेतून जाणारा संदेश शरीराचे तापमान वाढले की अडखळतो. त्यात नवी इजा नसते. लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकले आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

न्यूरोफिलामेंट लाइट चेनविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण वैनगंगाकाठ यांचा तिसरा प्रश्नही तिथेच जाऊन मिळतो. हे प्रथिन मज्जातंतूच्या आतील सांगाड्याचा भाग आहे. तंतू तुटला की ते पाण्यात सांडते आणि तिथून अत्यल्प प्रमाणात रक्तात येते. ते रक्तात मोजता येईल इतकी संवेदनशील यंत्रे अलीकडची. अमेरिकी सैन्यातील साठवलेल्या रक्तनमुन्यांवर २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना पुढे एमएस झाला त्यांच्यात लक्षणे दिसण्याच्या काही वर्षे आधीच हे प्रथिन वाढलेले आढळले. म्हणजे शेतकऱ्याला पान पिवळे दिसण्याआधी मुळाशी काहीतरी सुरू झालेले असते. तथापि हे प्रथिन कोणत्याही कारणाने तंतू तुटला तरी वाढते: पक्षाघातात, डोक्याला मार लागल्यावर, मधुमेहाच्या नसविकारात, मूत्रपिंड कमजोर असल्यास आणि नुसत्या वयानेही. म्हणून त्याने एमएसचे निदान होत नाही. निदान झालेल्या रुग्णात औषध लागू पडते आहे का हे पाहण्यास ते उपयोगी आहे, तेही त्याच रुग्णाच्या आधीच्या आकड्याशी तुलना करून. उन्हाळ्यातल्या धूसर नजरेसाठी त्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे.

आता भविष्याविषयी. एकच झटका आलेल्या रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत, विशेषतः बार्सिलोना येथील मोठ्या अभ्यासात, असे दिसले की पट्टे असणाऱ्यांना दुसरा झटका येण्याची शक्यता पट्टे नसणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट असते, आणि एमआरआयवरील ठिपक्यांची संख्या हिशेबात घेतल्यावरही हा फरक उरतो. मात्र “दुसरा झटका येईल का” आणि “दहा वर्षांनी ती चालेल का” हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर पट्ट्यांवरून मिळत नाही. सहा रेघा असणारा रुग्ण दोन रेघावाल्यापेक्षा तिप्पट गंभीर, असा हिशेब तर मुळीच करू नये. चिटिनेज-३-लाइक-१, सीएक्ससीएल-१३, जीएफएपी अशी आणखी काही प्रथिने संशोधनात आहेत. कोणत्या रुग्णात आजार संथपणे पण सतत पुढे सरकेल याचा अंदाज त्यांतून येईल अशी आशा आहे, परंतु नागपूरच्या ओपीडीत आज त्यांवर निर्णय घेतला जात नाही.

काचनळी

एक भर घालतो. पट्टे वाचायला सरावलेला डोळा लागतो, वेळ लागतो, आणि प्रत्येक जिल्ह्यात ते होणे शक्य नाही. त्याला पर्याय म्हणून कॅपा फ्री लाइट चेनचे मापन पुढे आले आहे. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी काही सुटे तुकडेही बाहेर टाकतात. ते पाण्यात आणि रक्तात यंत्राने मोजायचे, दोन्हीकडच्या अल्ब्युमिन या प्रथिनाशी ताडून निर्देशांक काढायचा. ६.१ ही सीमा बऱ्याच अभ्यासांत वापरली गेली आहे. इथे रेघ आहे की डाग, असा वाद उरत नाही, आकडा येतो. २०२४ च्या सुधारित निकषांत, जे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, या निर्देशांकाला पट्ट्यांच्या बरोबरीचे स्थान मिळाले आहे. रक्त सोबत लागतेच, तेवढे बदललेले नाही.

झुडपीजंगल

पट्टे सापडले नाहीत तर एमएस नाही, असे समजावे का? आणि सापडले तर नक्की आहे, असे?

हातोडी

दोन्ही नाही. पाश्चात्त्य देशांतील एमएसच्या रुग्णांत ८५ ते ९५ टक्क्यांमध्ये पट्टे सापडतात; आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत हे प्रमाण त्याहून कमी आले आहे. काही फरक तपासणीच्या पद्धतीचा असेल, काही वंश आणि भूगोलाचा. त्यामुळे पट्टे नसले तरी एमआरआय आणि लक्षणे जुळत असतील तर निदान टिकू शकते.

उलट बाजूने, क्षयरोगाचा मेंदूज्वर, न्यूरोसिफिलिस, एचआयव्ही, लहानपणीच्या गोवरानंतर वर्षांनी उद्भवणारा एसएसपीई हा मेंदूविकार यांतही पट्टे येतात. आपल्या भागात क्षयरोग विसरून चालत नाही. म्हणून पाण्याचा अहवाल वाचताना फक्त पट्ट्यांची ओळ पाहू नये. एमएसमध्ये पेशी सहसा ५० च्या आत असतात आणि प्रथिने थोडीच वाढलेली असतात. पेशी शेकड्यांत गेल्या, साखर घटली, प्रथिने फार वाढली, तर पट्टे असूनही मी आधी दुसरीकडे शोध घेईन.

आणखी एक तपासणी आहे, ती पाण्याची नसून रक्ताची आहे: अॅक्वापोरिन-४ आणि मॉग प्रतिपिंडे, म्हणजे एमएससारख्या दिसणाऱ्या इतर आजारांच्या खुणा. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा एमएससारखा दिसणारा वेगळा आजार आहे. २००४ मध्ये त्याचे प्रतिपिंड सापडले आणि दोघांची फारकत सोपी झाली. त्यातील बहुतेक रुग्णांत पट्टे नसतात. ही फारकत औषधासाठी महत्त्वाची आहे, कारण इंटरफेरॉन, फिंगोलिमोड यांसारखी एमएसची काही औषधे त्या आजारात दिल्यास तो बळावतो. गुरुजी, रक्त घ्यायचेच आहे, तर ही तपासणीही त्यातच होईल का, ते विचारा.

वैनगंगाकाठ

सर्वांचे आभार मानून पुढची हकिकत लिहितो. काचनळी यांचा प्रतिसाद मी जावयांना वाचून दाखवला आणि बांधाचे उदाहरण सासूबाईंनाही पटले. तरीही त्यांनी अट घातली की त्या स्वतः सोबत येतील. पवनी, भिवापूर, उमरेड असे एसटीने नागपूर गाठले. बोथट सुईविषयी मी विचारले, तेव्हा तिथल्या निवासी डॉक्टरांनी आधी माझ्याकडे निरखून पाहिले आणि मग ट्रेमधील पाकीट उचलून दाखवले. बहिणीला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले. पाणी नळीत थेंबाथेंबाने पडत होते आणि इतके नितळ होते की सासूबाईंनी विचारले, “याच्यात काय दिसन?” रक्ताच्या नळ्या मी डोळ्यांसमोर भरून घेतल्या आणि दोन्ही नमुन्यांवर एकच तारीख असल्याची खात्री केली. रात्री नागपुरातच थांबलो. दुसऱ्या दिवशी डोके दुखले, ते दोन दिवसांत थांबले.

अहवाल आज आला. पेशी ८, साखर ठीक, प्रथिने किंचित जास्त. पाण्यात पाच पट्टे, रक्तात एकही नाही, दुसरा प्रकार. अॅक्वापोरिन आणि मॉग दोन्ही नकारात्मक. डॉक्टरांनी एमएसचे निदान लिहून दिले आहे आणि औषधाविषयी पुढच्या बुधवारी बोलावले आहे. जावईबापूंचा एकच प्रश्न आहे: औषध सुरू झाल्यावर पट्टे गेले का हे पाहण्यासाठी पुन्हा पाणी काढावे लागेल का?

हातोडी

लागणार नाही. उपचार चांगला लागू पडला तरी बहुतेक रुग्णांत पट्टे वर्षानुवर्षे तसेच राहतात, त्यामुळे ते पुन्हा पाहून काही कळत नाही. यापुढचे मोजमाप एमआरआयने आणि प्रत्यक्ष तपासणीने होईल. औषध सुरू करताना एक एमआरआय आणि साधारण सहा महिन्यांनी दुसरा, शक्यतो त्याच यंत्रावर, असे बुधवारी ठरवून घ्या. या अहवालाच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा, कारण शाईचे कागद पावसाळ्यात टिकत नाहीत आणि पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी ही सुई पुन्हा टोचावी लागू नये.